त्या दिवशी मी 'न्हाई' म्हणाले

अहो,

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. शेजारच्या बाई सकाळी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "दहावा उद्याच ना?" मी म्हटलं, आमच्यात दहावा नसतो. "मग काय असतं?" मला पटकन सांगता आलं नाही. तुम्ही असता तर जिन्यातच उभं राहून अर्धा तास सांगितलं असतं आणि त्यांची गॅसवरची डाळ करपली असती.

बोलायचं काम तुमचं आणि ऐकायचं माझं, असं लग्न झाल्यापासून चाललं. आता बोलणारा माणूस गेला आणि माझंच एक सांगायचं राहून गेलं. तोंडाने ते मला तुमच्यासमोर कधी जमलं नाही, म्हणून तुमच्या खो-खोच्या पोरींच्या हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला बसले आहे. मुदखेडला चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली, पण "शांता, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं हाय" असं म्हणून तुम्ही ही वही माझ्याकडेच दिली होतीत. आपली लेक करुणा काल नांदेडला तिच्या दवाखान्यात ड्यूटीवर परत गेली. घरात वाचायला कोणी नाही, ते बरं आहे.

भूकंपापासून सुरू करते, कारण तुमचं मैदान तिथूनच सुरू झालं.

गाव बसलं तेव्हा आपण वाचलो ते आपलं घर गावाबाहेर आणि कुडाचं होतं म्हणून. अंगावर पडलं ते गवत. ज्यांच्या डोक्यावर दगडामातीचं माळवद होतं ती माणसं आतच राहिली. मग सगळ्यांना पत्र्याची शेडं मिळाली आणि पहिल्यांदाच गावातली घरं आणि आपलं घर एका ओळीत आलं. तेव्हा एक म्हातारे तुम्हाला म्हणाले होते, "शामू, तुझ्या येशूनं वाचवलं म्हण की तुला." तुमचं नाव शामुवेल, पण गावाने ते कधी पुरं घेतलं नाही. तुम्ही म्हणालात, "कुडानं वाचवलं, बाबा. त्यानं निवडून वाचवलं असतं तर माझ्या आधी तुमच्या नातवाला वाचवलं असतं." म्हातारे तुमच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. मला मात्र तुमचा राग आला होता. देवाचं नाव घ्यायची एवढी संधी, आणि तुम्ही कुडाचं नाव घेतलंत. आता वाटतं, तुमच्यासारखा खरा विश्वास मला तेव्हा नव्हता.

पोरं पत्र्याखाली बसत नव्हती. वारा सुटून पत्रा वाजला की सगळी बाहेर पळायची. त्यातली रंजना तर जेवायचीसुद्धा बाहेर, उभ्याने. तिचे आईबाप गेले होते, ती चुलत्याकडे राहायची. तिची चुलती सोजरकाकू ताट घेऊन तिच्यामागे फिरायची आणि एकेक घास भरवायची. तुम्ही लातूरहून डाळ मिलचं काम करून एसटीने यायचात, अंगावर तुरीची पिवळी धूळ. तसेच उभे राहून बघायचात. एकदा म्हणालात, "पोरं बाहेरच राहणार असतील तर त्यांना बाहेर काहीतरी काम पाहिजे." पडलेल्या घरांच्या तुळया तासून तुम्ही दोन खांब केले. जमिनीवर चुन्याची फक्की मारली, आठ पाट्या आखल्या आणि खो-खो सुरू केला.

मी दारातून बघायचे. तुमचं ओरडणं सगळ्या शेडांना ऐकू यायचं. "हात आणि शब्द एकदम पडला पाहिजे! नुसता हात लावला, फाऊल. नुसतं खो म्हणलं, तेबी फाऊल!" रंजना पाटीवर बसायची तेव्हा पाठीवर हात पडायची वाट बघत अशी टाचेवर तयार असायची, की मला वाटायचं ही पोर आता उडून जाईल. दोन महिन्यांनी तीच पोर खेळून दमली आणि पत्र्याखाली जाऊन झोपली. सोजरकाकू आपल्याकडे धावत आली, "शांता, झोपली गं! आत झोपली!" तुम्ही पाय धूत होतात. म्हणालात, "उद्या तिला अजून पळवतो."

मैदानावर तुम्ही कधी प्रार्थना केली नाहीत. हे मी वहीत लिहून ठेवते, कारण लोकांनी उलटंच सांगितलं. तुमची प्रार्थना घरी व्हायची, रविवारी, आपण आणि अजून तीन घरं. काही वर्षांनी बाहेरून काही पोरं गावात येऊ लागली, गावातले चारपाच जण त्यांना मिळाले, आणि म्हणायला लागले की शामू खेळाच्या नावानं लेकरं बाटवून राहिला. एका रविवारी ते आत शिरले. पेटीचा भाता फाडला, गीतांची पुस्तकं नालीत टाकली. पुढच्या रविवारी तीन घरांतलं एकच घर आलं. तुम्ही पेटीशिवाय गाणं म्हणालात, सुरात तर तुम्ही पेटी असतानाही नव्हता.

मग त्यांनी तुम्हाला मैदानावर गाठलं. पोरींसमोर मारलं, फक्कीचं पोतं डोक्यावर रिकामं केलं, खांब उपटले. तुम्ही घरी आलात तेव्हा भुतासारखे पांढरे होतात. डोळे धुवायला मी दोन घागरी ओतल्या. तुम्ही म्हणालात, "कार्यकर्त्यांना रेषा आखता येत न्हाई. सगळी फक्की एकाच जागी." आणि मला हसू आलं, नवऱ्याचा ओठ फाटलेला असताना. दुसऱ्या दिवशी आपण दोघांनी खांब परत पुरले. मी धरून उभी होते, तुम्ही माती ठोकत होतात. कोणी मदतीला आलं नाही, पण कोणी अडवायलाही आलं नाही.

त्याच वर्षी आपल्या पोरी जिल्ह्यात पहिल्या आल्या. गावच्या शाळेला खेळाचे मास्तर नव्हते, म्हणून हेडमास्तरांनी सगळं तुमच्यावर सोडलं होतं. आता विभागाच्या सामन्यांना नांदेडला जायचं होतं. मुक्काम दोन दिवसांचा. शाळेच्या व्हरांड्यात पालकांची बैठक बसली. मी खिडकीबाहेर उभी होते. रंजनाचा चुलता म्हणाला, "शामू, आमचं तुझ्याशी काय भांडण न्हाई. तू लिहून दे, की मी ख्रिस्ती न्हाई. मग ने पोरी."

तुम्ही म्हणालात, "पोरींना देवाचं एक अक्षर शिकवणार न्हाई, हे लिहून देतो. आजपर्यंत शिकवलं असलं तर कोणत्याबी पोरीनं सांगावं."

"ते न्हाई. तू कोण हाईस ते लिही."

"जे हाय ते न्हाई म्हणून कसं लिहू, तात्या?"

"मग पोरी येत न्हाईत."

तुम्ही घरी आलात आणि जेवला नाहीत. एवढंच म्हणालात, "रंजीला काय सांगू?" माराच्या दिवशीसुद्धा मी तुमचा चेहरा तसा पाहिला नव्हता.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते लिहिते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मिलला गेल्यावर सोजरकाकू आली, सोबत अजून दोघी. दारातच बसल्या. काकू म्हणाली, "शांता, पोरींसोबत बाईमाणूस जाणार असंल तर आमचे गडी ऐकतील. तू जातीस का?"

मी कधी चार माणसांत बोलले नव्हते, पण म्हणाले, "जाते."

"मग एक सांग. त्याचं त्याच्यापाशी. तू ख्रिस्ती हाईस का?"

माझ्या डोळ्यांसमोर रंजना आली, तुमचं न जेवलेलं ताट आलं, आणि खरं सांगायचं तर ते पांढरं झालेलं तुमचं तोंडही आलं. भीतीही होती. नुसतं पोरींसाठी केलं असं म्हटलं तर ते दुसरं खोटं होईल. मी म्हणाले, "न्हाई. ते हायत. मी आपली तुमच्यातलीच."

काकूने कंबरेची कुंकवाची डबी काढली. मी कपाळ पुढे केलं.

येशूला पकडून नेलं तेव्हा त्याचा शिष्य असून पेत्राने मी त्याला ओळखत न्हाई म्हटलं, तेव्हा निदान कोंबडा तरी आरवला. माझ्यासमोर सोजरकाकूच्या दोन कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्यांनी वरही पाहिलं नाही.

संध्याकाळी तुमच्या कानावर एवढंच आलं की पोरी येणार, सोबत बाईमाणूस म्हणून मी. तुम्ही मैदानात जाऊन खांबाला मिठी मारलीत, लोकांनी पाहिलं. जायच्या दिवशी फाट्यावर एसटीत चढताना काकूने मला परत कुंकू लावलं. तुम्ही टपावर सामान चढवत होतात. मी पदर पुढे ओढून बसले आणि अहमदपूरला गाडी थांबल्यावर नळावर जाऊन कपाळ धुतलं. मागे वळले तर रंजना पाण्याची बाटली भरायला उभी. तिने सगळं पाहिलं. बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काकी, कानामागं अजून राहिलंय." कानामागे काही नव्हतंच. पोरीला काहीतरी बोलायचं होतं, एवढंच.

नांदेडला आपण दुसराच सामना हरलो. पोरी रडायला लागल्या तसे तुम्ही त्यांना गुरुद्वाऱ्यात लंगरला घेऊन गेलात. डोक्याला भगवा रुमाल बांधून तुम्ही पंगतीत बसलात, आणि एका म्हाताऱ्या सरदारजींनी तुमच्या हातात रोटी ठेवली. तुम्ही मला हळूच म्हणालात, "बघ, यांनी विचारलंच न्हाई कोण म्हणून." माझा घास तिथेच अडकला. तुम्हाला वाटलं तिखट लागलं. पाणी दिलंत.

आणि मग तुमची साक्ष सुरू झाली, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची. लातूरच्या चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत, "मिसरच्या फारो राजाचं मन कठीण होतं, पण आमच्या गावाचं मन देवानं एका दिवसात मऊ केलं. मी एक शब्द लिहून दिला न्हाई, आणि पोरी नांदेडला गेल्या." लोक हालेलुया म्हणाले. मी बायकांच्या बाजूला खाली मान घालून बसले. पुढे दर वर्षी तुम्ही ती साक्ष दिलीत, आणि दर वर्षी मला वाटायचं की हे खोटं माझ्यामुळे तुमच्या तोंडी आलंय. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, पेत्राचा भाग वाचायला लागले की मी पाणी प्यायला बाहेर जायचे. चर्चचे पाळक एकदा म्हणाले, शांताबाईंना उन्हाळा लई बाधतो.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तुम्ही दाढी करत होतात. मी म्हटलं, "ते नांदेडचं आहे ना..." तुम्ही आरशातूनच म्हणालात, "त्या पंचाचं नाव काढू नको! रंजी बाद नव्हती!" आणि पुढे तासभर तो पंच. मी भाकरी करायला निघून गेले.

लातूरला राहायला आल्यावर तुमचं मैदान क्लासवाल्यांनी खाल्लं, असं तुम्ही म्हणायचात. ते खरंच होतं. मोकळ्या प्लॉटवर आज खांब रोवावेत आणि उद्या तिथे क्लासची तीन मजली इमारत. हिमायतनगर, मुदखेड, कुठून कुठून आलेल्या पोरी खोल्या करून राहायच्या आणि सकाळी सहापासून पाठीवर दप्तरं घेऊन पळायच्या. तुम्ही त्यांना रस्त्यात अडवायचात, "एवढ्या पळताच तर नीट पळा की!" चारपाच जणी खरोखर यायला लागल्या. करुणाच्या वेळी आपलं किती वाजलं होतं. मी म्हणायचे, चौथी शिकलेल्या आईच्या पोरीला क्लास लावलाच पाहिजे. तुम्ही म्हणायचात, आधी दम भरू दे छातीत, मग भरा डोक्यात काय भरायचं ते. तिने दोन्ही केलं. ती नर्स झाली ते क्लासमुळे की मैदानामुळे, हे आपलं ठरायचं राहूनच गेलं. तुम्ही नाही म्हणून मी जिंकले असं म्हणणार नाही.

दुसरं भांडण मात्र खरं होतं. ज्याने तुमच्या डोक्यावर फक्की ओतली, तोच पोरीला घेऊन आपल्या दारात उभा राहिला. पोलीस भरतीचं पळणं शिकवा म्हणाला. जुन्या गोष्टीचा एक शब्द नाही. आत या म्हटलं तर आला नाही, गाडीवरच बसून राहिला. मी तुम्हाला आतल्या खोलीत म्हटलं, "आधी त्याला माफी मागू द्या." तुम्ही म्हणालात, "पळणार पोरगी हाय, तो न्हाई." वर्षभर तुम्ही तिला पळवलंत, ती भरतीही झाली. तो माणूस तुमच्या मातीला आला नाही. मी अजूनही म्हणते, माफी मागायला लावायला हवी होती. तुम्ही चूक होता असं नाही, पण मीही चूक नव्हते. तुम्हाला माफ करणं सोपं जायचं, आणि ते बघणाऱ्याचं काय होतं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आता परवाचं सांगते. त्यासाठीच वही उघडली.

परवा दुपारी गावाकडून जीप आली. सोजरकाकू, रंजना, तुमच्या संघातल्या अजून पाचसहा जणी. सगळ्या आता पोराबाळांच्या. रंजना अंगणवाडीत शिकवते, मुलांना खो-खो खेळवते आणि अगदी तुमच्यासारखी ओरडते असं बाकीच्या सांगत होत्या. घरात मंडळीतले लोक होते, पाळक होते, शेजारच्या बाईही होत्या. काकू माझा हात धरून बसली. तेवढ्यात त्यांच्यासोबत गावातून आलेली एक तरुण सून हळूच म्हणाली, "काकू, यांचं कुंकू-बांगड्या उतरवायचं कुणी केलं का न्हाई? हातात तर हायत अजून." तिचा काही वाईट हेतू नव्हता. गावात माझी तीच ओळख राहिली होती, आपल्यातली बाई.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा गप्प बसू शकले असते. तुम्ही मात्र आता मध्ये बोलून मला सोडवणार नव्हता.

मी म्हणाले, "माझ्या कपाळाला कुंकू न्हवतंच. मी ख्रिस्ती हाय. तवाबी होते. काकू, त्या दिवशी तुम्ही दारात विचारलं तेव्हा मी न्हाई म्हणाले, ते खोटं बोलले."

आवाज एवढा मोठा आला की मीच दचकले. पाळकांनी चष्मा काढला. रंजनाने मान खाली घातली.

सोजरकाकूने धरलेला माझा हात गदागदा हलवला. मग म्हणाली, "अगं बया, हे तू आता सांगून राहिलीस व्हय?"

"तुम्हाला फसवलं मी."

"कुणाला फसवलं? कुंकू लावताना तू डोळे असे घट्ट मिटलेस, जसं काय मी सुई टोचायला आले. असं कोण लावून घेतं? आम्ही तिघी वाटेनं हसत गेलो." मग तिचा आवाज खाली आला. "आम्हाला पोरी पाठवायच्याच होत्या, शांता. ज्या माणसानं माझ्या रंजीला छपराखाली झोपवलं, त्याच्यासंगं मी पोर पाठवणार न्हाई? घरच्या गड्यांना सांगायला एक शब्द पाहिजे होता, बाई आपली हाय म्हणून. तू हाव म्हणली असतीस तरी आम्ही न्हाईच ऐकलं असतं."

मी हसले का रडले ते मला माहीत नाही. दोन्ही एकदम झालं असावं, कारण शेजारच्या बाई पाणी घेऊन धावल्या.

म्हणजे मी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. एवढी वर्षं मी पाणी प्यायला बाहेर जात होते ते उगाच. याची हळहळ आहे, ती राहील. न्हाई म्हटल्याचं देवाला वेगळं सांगायचं आहे, तेही सांगेन. पण तुमची साक्ष खोटी नव्हती, अहो. मन खरंच वळलं होतं, तेही मी तोंड उघडायच्या आधी. फक्त ते गावातल्या बायकांचं वळलं होतं आणि त्यांनी गड्यांना कळू दिलं नाही. तुम्हाला हे ऐकून काय आनंद झाला असता! साक्षीत अजून पाव तास वाढला असता.

पाळक जाताना म्हणाले, "शांताबाई, या रविवारी हे मंडळीत सांगाल का?" मी नेहमीसारखी मान हलवून नको म्हणाले. काकू निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "मलाबी बोलव. तू चुकलीस तर मी सांगीन."

तिला कालच फोन केला. ती रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. मी उभी राहणार आहे. पाय कापले तर बसून सांगेन.

तुमची,
शांता